तिकीट काढून बिबट्या

"पण नेमके किती दिले?" मामांनी तिसऱ्यांदा विचारलं. फेब्रुवारीतली पहाट होती. जयपूरच्या झालाना डुंगरीतल्या सरकारी कचेऱ्यांमधून आमची रिक्षा कुडकुडत चालली होती.

मी आकडा सांगितला नाही. माणशी इतके, जिप्सीचे इतके, गाइडचे इतके अशी फोड करून सांगण्याची हिंमतच नव्हती. मामांची ओतूरजवळ साडेतीन एकर बागायत आहे. दीड एकर ऊस, बाकी कांदा. गेल्या तीन वर्षांत त्यांची दोन कुत्री आणि एक कालवड बिबट्यानं नेली. अशा माणसाला मी पहाटे उठवून, माकडटोपी घालायला लावून, पैसे भरून बिबट्या दाखवायला नेत होतो. बरोबरची बाकी मंडळी शहाणी. ती हॉटेलात झोपली होती, उठून हवामहल आणि मग बापू बाजार करणार होती.

"आपल्याकडं सांजच्याला बांधावर बसायचं," मामा मफलर आवळत म्हणाले. "फुकट दिसंल."

झालानाचं जंगल शहराला लागून आहे असं म्हणणंसुद्धा कमी पडतं. मालवीय नगरच्या गच्च्यांवरून त्याच्या टेकड्या दिसतात. सांगानेरचा विमानतळ जवळच, त्यामुळे विमानांचा आवाज अधूनमधून असतोच. जेमतेम वीसेक चौरस किलोमीटरचा हा अरवलीचा तुकडा. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याच्या पाचपट आहे आणि केनियाचं मसाई मारा पंच्याहत्तर पट. एवढ्याशा जागेत तिशीच्या वर बिबटे राहतात. 2016च्या अखेरीस इथे सफारी सुरू झाली, पुढे राजस्थान सरकारनं 'प्रोजेक्ट लेपर्ड' जाहीर करून पहिला मान झालानाला दिला. मग 2022मध्ये आग्रा रस्त्यापलीकडच्या आमागढच्या टेकड्याही सफारीसाठी खुल्या झाल्या. आता परदेशी कॅमेरेवाले रणथंभोरच्या वाघाआधी इथे दोन दिवस काढतात.

इतके बिबटे आणि तेही दिवसाढवळ्या दिसण्याचं कारण साधं आहे. इथे वाघ नाही. जिथे वाघ असतो तिथे बिबट्या चोरासारखा राहतो. ताडोबात बिबट्या दिसला तर तो निम्म्या वेळा झाडावर किंवा पळताना दिसतो. झालानात त्याच्या वरचा कुणी नाही. फार तर एखादं तरस, ज्याला इथे जरख म्हणतात, ते त्याच्या शिकारीत वाटा मागायला येणार. म्हणून इथला बिबट्या रस्त्याच्या मधून चालतो, वळून बघतो, बसतोसुद्धा. त्याला इथले जुने लोक बघेरा म्हणतात, ड्रायव्हर मंडळी पँथर म्हणतात आणि तिकिटावर लेपर्ड छापलेलं असतं. मामांच्या तोंडी मात्र एकच शब्द: वाघ. त्यांच्या जुन्नर तालुक्यात पट्ट्यांचा वाघ फार पूर्वीच गेला. त्याचं नाव रिकामं झालं, ते ठिपक्यांच्या वाघाला मिळालं.

फाटकाशी जिप्सीत बसलो. पुढे ड्रायव्हर, शेजारी गाइड. मागे आम्ही दोघं आणि गुडगावचं एक जोडपं. त्यातल्या बाईंच्या मांडीवर मुसळाएवढी लेन्स होती. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं नुसता धोक. आपल्या धावड्याचा हा चुलतभाऊ. माघात पानं गळायला लागली की सगळी टेकडी तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी दिसते, काही जागी तांबूस, काही जागी करडी. मधे मधे वेडी बाभूळ, खडक आणि खडकांच्या कपारी. या रंगात बिबट्या पाच हातांवर बसला तरी दिसणार नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. गाइड तर झाडीकडे बघतच नव्हता. तो एकदा रस्त्याच्या धुळीकडे बघे आणि एकदा डोळे बारीक करून मान वाकडी करी, फोनवर कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.

धुळीत ठसे होते. त्यानं गाडी थांबवून दाखवले. कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं उमटतात. मांजरकुळातली जनावरं नखं आत ओढून चालतात, म्हणून त्यांचा ठसा गोल आणि स्वच्छ उमटतो: चार बोटं आणि मागे तीन उंचवट्यांची गादी. एका ठशावरून टायरची नक्षी गेली होती, दुसरा तिच्यावर होता. म्हणजे कालच्या संध्याकाळच्या फेरीनंतर जनावर इथून गेलं. "मादी," गाइड म्हणाला. मादीचा ठसा लांबट आणि नाजूक असतो. मामांनी खाली वाकून पाहिलं आणि मान डोलावली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना गाइडचा आदर वाटला असावा.

मग गाडी बंद. गाइडनं बोट ओठांवर ठेवलं.

शिकारी जनावर शोधायचं म्हणजे त्याला शोधायचंच नसतं, त्याला घाबरणाऱ्यांना शोधायचं. ही गोष्ट मी दहा वर्षांपूर्वी मसाई मारात शिकलो होतो, अर्थात एका मराठी टूरबरोबर, शंकरपाळी आणि लसणाच्या चटणीसह. तिथे गवताचा समुद्र, नजर पोचेल तिथवर मोकळं, म्हणून मला वाटलं होतं की दुर्बीण लावली की झालं. आमचा ड्रायव्हर मात्र वारुळावर उभ्या असलेल्या टोपी नावाच्या हरणाकडे बघायचा. टोपी एकाच दिशेला ताठ बघत राहिलं की तो गाडी तिकडे वळवी, आणि खरंच गवतात सिंहिणीचे कान हलताना दिसत. रेडिओवर कुणी 'चुई' म्हणालं की सगळ्या गाड्या उधळत. चुई म्हणजे स्वाहिलीत बिबट्या. एका चुईभोवती मी त्या दिवशी तेवीस गाड्या मोजल्या. ती बिचारी झाडाच्या फांदीवर, पाय चार बाजूंना लोंबते सोडून, जशी काही लग्नाच्या मांडवात झोपलेली आत्या. (सफारी हा शब्दही तिकडचाच. अरबीतला सफर स्वाहिलीत गेला आणि तिथून इंग्रजीच्या बोटीत बसून आपल्याकडे आला. सफर मात्र आपल्याकडे आधीपासून होतीच. आमच्या पिढीनं त्या शब्दाचा पहिला उपयोग चार खिशांच्या सूटसाठी केला.)

झालानात गवताचा समुद्र नाही, म्हणून इथे सगळा कारभार कानांवर. मोर ओरडला तर गाइड लक्ष देत नाही. मोराला ओरडायला कारण लागत नाही. सातभाईंचा कलकलाट, टकाचोराची खरखर, खारीची चिकचिक यांची तो नोंद घेतो, पण हलत नाही. त्याचा भरवसा वानरावर. वानर उंचावर बसतं, त्याला वरून दिसतं. बिबट्या दिसला की 'खक्' असा घशातून फुटलेला खोकला देतं, पुन्हा पुन्हा, आणि महत्त्वाचं म्हणजे पळत नाही. जागेवर बसून त्याच दिशेला बघत राहतं. एकट्या वानराचा कॉल फसवा असू शकतो, पण टोळीतल्या दोघातिघांनी एकाच बाजूला तोंड केलं की समजावं. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' लिहिताना ज्या टोळ्या पाहिल्या, त्यांचा हा पहारेकरी. त्याच्या खोकल्यावर इथे जिप्सींची रोजीरोटी चालते.

पाऊण तास कुणी खोकलं नाही.

या पाऊण तासात आम्ही शिकार औदीपाशी गेलो. जंगलाच्या उंच अंगाला जुन्या राजवटीतली ही शिकारीची कोठी आहे, तिथून खाली जयपूर पसरलेलं दिसतं. औदीची पद्धत अशी: खाली रेडकू बांधायचं, वर राजा आणि पाहुणे बसायचे, बंदुकीची नळी भिंतीच्या भोकातून बाहेर. हाकारे, मचाण, पाहुण्यांचा मान, सगळं ठरलेलं. जयपूर दरबारात शिकारखात्याचे अधिकारी केसरीसिंह यांनी तर वाघाच्या शिकारीवर पुस्तकंच लिहिली. 1876च्या फेब्रुवारीत प्रिन्स ऑफ वेल्स इथे आला, अल्बर्ट हॉलची कोनशिला बसली, आणि त्यानं आयुष्यातला पहिला वाघ याच मुक्कामात मारला. पुढे 1961मध्ये राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप आले, तेव्हा जयपूरच्या महाराजांनी त्यांना सवाई माधोपूरला नेलं आणि फिलिपनंही वाघ मारला. पाहुण्याला हिंस्र जनावर दाखवणं हा या शहराचा दीडशे वर्षांचा धंदा आहे. आताचा पाहुणा फक्त फोटो घेऊन जातो, ही मोठीच सुधारणा म्हणायची.

पण या शहराची खरी नवलाई मला औदीत नाही, परकोट्याच्या आत वाटली. आदल्या दिवशी आम्ही चीतावालोंका मोहल्ला शोधत गेलो होतो. दरबारचे चित्ते सांभाळणारी, त्यांना शिकारीला तयार करणारी कुटुंबं इथे राहायची. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. आपल्याकडच्या बातम्यांमध्येही हा घोळ नेहमी होतो. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात, बिबट्याच्या अंगावर फुलांच्या पाकळ्यांसारखी कडी. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते. त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीतून माळावर न्यायचं, काळविटांच्या कळपाजवळ गेलं की पट्टी सोडायची. गंमत अशी की पाळलेले चित्ते पिंजऱ्यात वीत नसत. जहांगिराच्या काळात एकदा व्याल्याची नोंद आहे, ती अपवाद म्हणूनच. म्हणजे प्रत्येक चित्ता जंगलातून धरून आणावा लागे. धरता धरता ते संपले. मग विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगरच्या दरबारांनी सरळ आफ्रिकेतून चित्ते मागवले. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मित्राला आजही पटत नाही की त्याच्या आजोबांच्या तरुणपणी कोल्हापूरच्या माळावर केनियाचा चित्ता काळवीट धरत होता. आपल्याला वाटतं चित्त्याचं आफ्रिकेतून येणं 17 सप्टेंबर 2022ला कुनोत सुरू झालं. कोल्हापूरकरांनी ते विमानाच्या आधी, बोटीनं करून दाखवलं होतं.

मोहल्ल्यात आता चित्ता नाही, आठवणीही पातळ झाल्या आहेत. मामांनी तिथे एका दुकानातून मोजडी घेतली.

औदीवरून उतरत होतो आणि डावीकडे खालच्या नाळेत खोकला फुटला. खक्. मग शांत. मग पुन्हा, आणि दुसऱ्या झाडावरून तिसरा. ड्रायव्हरनं गाडी सोडली ती अशी की गुडगावच्या बाईंची लेन्स माझ्या गुडघ्यावर आपटली. वळणावर आलो तर तिथे आधीच दोन जिप्सी. सगळे उभे, सगळे एकाच बाजूला बघताहेत, अगदी त्या वानरांसारखे.

प्रथम मला काहीच दिसलं नाही. खडक दिसला. मग खडकाला कान फुटले.

ती उठली, आळस दिला, पुढचे पाय लांब करून पाठीचं धनुष्य केलं आणि खाली रस्त्यावर आली. आमच्या बोनेटपासून फार तर पंधरा पावलं. चालताना खांद्याची हाडं कातडीखाली आळीपाळीनं वर येत होती, जात्याच्या खुंट्यासारखी. शेपूट वर वळवलेलं, त्याची खालची बाजू पांढरीशुभ्र. पिलं मागून चालताना आईच्या शेपटीचा हा पांढरा झेंडा बघत चालतात. एका बाभळीपाशी ती थांबली, मागे वळली, शेपूट ताठ केलं आणि खोडावर फवारा मारला. वाघाच्या अशा फवाऱ्याला बासमतीचा वास येतो, हे कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी शोधून काढलं. ज्या द्रव्यामुळे तांदूळ घमघमतो तेच त्यात असतं. मी खोल श्वास घेतला, पण नाकात पेट्रोलच आलं. तोवर सात जिप्सी झाल्या होत्या. "साइटिंग अच्छी है, सर, हेड-ऑन है," गाइड कुजबुजत होता. त्यानं तिचं नावही सांगितलं. इथे प्रत्येकीला नाव आहे, अंगावरच्या कड्यांवरून ओळख आहे, कुणाची आई कोण आणि कुणी कुणाला कुठून हाकललं याची भाऊबंदकी तोंडपाठ आहे.

तिनं आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. जिप्सींच्या मधून वाट काढत गेली. मंडईत खास गिऱ्हाईक जातं तशी.

मी मामांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. मागे वळून, ती जिकडे चालली होती तिकडे, झाडीपलीकडे बघत होते. तिथे कुंपणाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर पोपटी चादर वाळत होती.

"किती उंच आहे ती?" त्यांनी गाइडला हिंदीत विचारलं.

गाइडनं हसून सांगितलं, ऊंचाई से इनको क्या. रात्री जातात, पहाटे येतात.

*

कशाला जातात, याचं उत्तर विष्ठेत आहे. बिबट्या खाल्लेल्या जनावराचे केस पचवू शकत नाही. विष्ठा धुवून, त्यातले केस वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की आतल्या नक्षीवरून कुत्रा, मांजर, शेळी, नीलगाय ओळखता येते. झालानातलं हे काम स्वप्निल कुंभोजकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आणि 'ऑरिक्स' या संशोधनपत्रिकेत छापलं. निष्कर्ष असा की इथला बिबट्या मुख्यतः पाळीव आणि गावातल्या जनावरांवर जगतो, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा. याच्या काही वर्षं आधी विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्यात, म्हणजे मामांच्या शेतापासून एक घाट ओलांडला की लागणाऱ्या अकोले तालुक्यात, तेच पाहिलं होतं. तिथे बिबट्याच्या खाण्यात वजनानं 87 टक्के पाळीव जनावरं निघाली, एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला दीड हजार कुत्री खात असावेत असाही काही अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यामुळे कुत्रं चावण्याच्या केसेस घटतात असं ते अभ्यासक मांडतात.

म्हणजे पंधरा पावलांवरून जे 'वाइल्ड' पाहून गुडगावच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या पोटात मालवीय नगरचं शिळंपाकं खाऊन वाढलेलं कुत्रं होतं. यात मला कमीपणा वाटत नाही. उलट मारापेक्षा हे जास्त विलक्षण वाटतं. मला खटकते ती सफारीची नजर. तिकीट काढलं की ती भिंत, ती चादर, विमान, कचराकुंडी ही सगळी चौकटीबाहेर कापायची. लेन्सवाल्या बाईंनी फोटो दाखवला त्यात रस्त्याची कडही नव्हती. बिबट्याला मात्र ही चौकट ठाऊक नाही. 2009 साली पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला 'आजोबा' माळशेजला सोडला तर गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यासह महिन्याभरात थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. वाटेत रस्ते, रेल्वे, वस्त्या, खाडी. कुणालाही न दिसता. त्याच्यावर सिनेमा निघाला. तो मेला तो महामार्गावर, गाडीखाली.

मामांकडे भिंत नाही. तिथे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. ऊस वर्षभर उभा राहतो, आडसाली तर दीड वर्ष. आत दाट सावली, पाटाचं पाणी, बांधावर कुत्री आणि वस्तीवर शेळ्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे? आता तिथल्या बिबट्यांच्या कैक पिढ्यांनी डोंगर पाहिलेला नाही, त्यांचं जंगल म्हणजे फड. या शतकाच्या सुरुवातीला पिंजरे लावून धरलेले बिबटे लांब नेऊन सोडायचा सपाटा लावला, तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आपली हद्द सुटलेलं जनावर अनोळखी मुलुखात बिथरतं, शिवाय रिकाम्या जागेत दुसरं येतं.

जिप्सी परत फिरली तेव्हा मामांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उसाची तोड चालू होती. सकाळी एका तोडणीवाल्या बाईचा कोयता थबकला. पाचटात तीन पिलं, डोळे नुकते उघडलेले. तोड थांबली. वनखात्याची माणसं आली, पिलं क्रेटमध्ये ठेवून क्रेट तिथेच फडाच्या कडेला ठेवला, वर कॅमेरा लावला. मामा रात्रभर माळ्यावरून बघत बसले. साडेनऊला ती आली. क्रेट पंज्यानं आडवा केला, एकाला मानेशी धरलं, गेली. अर्ध्या तासानं दुसरं. "तिसऱ्याला लई उशीर लावला," मामा म्हणाले. "मला वाटलं इसरली. पाहटं आली. तवर मीच जागा."

गाइडनं मला विचारलं, काय म्हणतात? मी थोडक्यात सांगितलं. तो मामांकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

*

जुन्नरलाही सफारी व्हावी अशी चर्चा कैक वर्षं चालू आहे, आंबेगव्हाणला. कुंपणातली असेल. मी विचारलं तर मामा म्हणाले, करा की, पण कुंपणातल्याला बघायला येणारं माणूस वस्तीवर चहाला थांबलं पाहिजे, नाहीतर आम्हाला त्याचं काय. राजस्थानातच, पालीजवळ जवाईच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत, रबारी गुराखी आणि बिबटे एकाच कपारीशी नांदतात, देवळाच्या पायऱ्यांवर बिबट्या बसलेले फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. तेही मी त्यांना सांगितलं. मामांनी विचारलं, तिथं ऊस आहे का? नाही. मग झालं.

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मामांच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, वीसेक दिवसांत तीन माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं. लोकांनी महामार्ग अडवला, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर त्या भागातले लोक शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागले. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तोच, टोकं बाहेर काढलेला. हे फोटो वर्तमानपत्रांत आले तेव्हा शहरातल्या लोकांना त्यात गंमत वाटली. मेलेल्या माणसामागे सरकार 25 लाख देतं, हे मामा सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात ना राग असतो ना समाधान. कांद्याचा भाव सांगावा तसं सांगतात.

फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथे एक पांढरं-तपकिरी कुत्रं शेकोटीच्या राखेत वेटोळं करून पडलं होतं. गुडगावची जोडी हातात हात घालून, फोटो वर चढवत गाडीत बसून गेली. मामांनी कटिंग घेतला, टोस्ट बुडवला आणि अर्धा त्या कुत्र्याला टाकला. ते उठून आलं तसा त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, केसांत बोटं घालून चाचपडल्यासारखा.

"गळ्यात काहीच नाही ह्याच्या," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मामींना लावला. टपरीवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "हां, दिसला. दिसला गं. मादी व्हती, लहानशी. ... हो, भरले पैसे त्यानंच. ... ते राहू दे. ह्या आठवड्यात लाईट दिवसाची का रातची?" पलीकडून काहीतरी आलं. मामांनी ग्लास खाली ठेवला. "मग मोटार चालू करायला कोण गेलं व्हतं? एकटाच? बॅटरी नेली व्हती का त्यानं?"